पोळीविना डबा : शाळकरी मुलांचा ग्लुटेनमुक्त आहार

(रुग्णालयाच्या वार्षिक दिनी बालरुग्णांच्या पालकांच्या सभेत प्रशासन विभागाच्या वतीने करण्यात आलेले भाषण)



वार्षिक दिनाच्या कार्यक्रमात प्रशासनाकडून आकडे ऐकण्याची आपणा सर्वांना सवय आहे. किती रुग्ण तपासले, किती खाटा वाढल्या, देणगी किती जमा झाली, हा तपशील याच अहवालात अन्यत्र दिलेला आहे. आज मात्र, ज्याची नोंद आमच्या कोणत्याही खातेवहीत होत नाही अशा एका उपचाराविषयी बोलण्याची परवानगी आम्ही विश्वस्त मंडळाकडे मागितली आणि ती त्यांनी आनंदाने दिली. हा उपचार रुग्णालयाच्या इमारतीत होत नाही. तो भल्या सकाळी आपल्या स्वयंपाकघरात सुरू होतो आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत पुरा होतो. सीलिॲक हा आजार असलेल्या मुलाचा जेवणाचा डबा, हा आजचा विषय होय.

आम्ही वैद्यकशास्त्र शिकलेले नव्हे. वाणिज्य शाखेतून येऊन कागदपत्रे आणि हिशेब सांभाळणारे. त्यामुळे वैद्यकीय भाग आमच्या बालरोगतज्ज्ञांनी तपासून दिला आहे तेवढाच सांगू. उरलेला भाग हिशेबाचा आहे आणि तो आमच्या अधिकारातला आहे.

गहू, जव म्हणजे सातू, आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळल्यावर तिला जो ताण येतो, पोळी लाटताना फाटत नाही, ती किमया याच प्रथिनाची. सीलिॲक आजारात हे प्रथिन पोटात गेले की शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. या अस्तरावर मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नरस त्यांतूनच शोषला जातो. ते झिजून सपाट झाले की मूल पोटभर जेवूनही उपाशी राहते. वजन वाढत नाही, उंची खुंटते, पोट फुगलेले दिसते, लोहाच्या गोळ्या देऊनही रक्त वाढत नाही. काही मुलांना जुलाब होतात. काहींना पोटाची कोणतीच तक्रार नसते, केवळ वर्गातल्या रांगेत ते वर्षानुवर्षे पुढेच उभे असते.

गव्हाशी असलेला हा संबंध फार जुन्या काळी कोणाला ठाऊक नव्हता. १८८८ मध्ये लंडनचे डॉ. सॅम्युअल गी यांनी मुलांमधील या आजाराचे सविस्तर वर्णन केले आणि तो बरा होणार असेल तर आहारानेच होईल असा निष्कर्षही काढला. पण नेमका कोणता पदार्थ वर्ज्य करावा हे उलगडले नव्हते. ते काम हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ डॉ. विलेम डिके यांनी केले. १९३० च्या दशकापासून त्यांना गव्हाचा संशय होता. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात पावाचा तीव्र तुटवडा पडला, तेव्हा त्यांच्या संशयाला आणखी बळ मिळाले. १९५० मध्ये आपल्या प्रबंधात त्यांनी हा संबंध शास्त्रीय रीतीने मांडला. त्याला आता सात दशकांहून अधिक काळ लोटला. संशोधन पुष्कळ झाले; तरीही आजमितीस या आजारावरचा मान्य उपचार एकच आहे : आयुष्यभर ग्लुटेनमुक्त आहार. म्हणजे ज्या रुग्णाला आम्ही औषधाच्या खिडकीवरून काहीही देऊ शकत नाही, त्याचे औषध आपण डब्यात भरून देता.

हा आजार परदेशातला आहे असा समज अजूनही आढळतो. दिल्ली परिसरातील पाहणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत शंभरांत सुमारे एका व्यक्तीला हा आजार आढळला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात उत्तर भारतात हे प्रमाण शेकडा १.२३, तर दक्षिणेत ०.१० होते. पोळी खाणारा प्रदेश आणि भात खाणारा प्रदेश यांतला हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे. आपल्याकडे पूर्वी रोजची भाकरी आणि सणाची पोळी अशी विभागणी पुष्कळ घरांत होती. आता पोळी रोजची झाली, पाव आणि बिस्किटे तर खेड्यातल्या टपरीवरही मिळतात.

येथे एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. शेजारच्या घरात गहू बंद केल्याने मूल सुधारले, म्हणून आपल्या मुलाचाही गहू परस्पर बंद करू नये. या आजाराची रक्ततपासणी आणि आवश्यक तेथे दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा नमुना, या दोन्ही गोष्टी मूल गहू खात असतानाच करावयाच्या असतात. गहू आधीच सोडला तर तपासणी फसवे उत्तर देते. निदान पक्के झाले की भावंडांची व आईवडिलांचीही तपासणी करून घ्यावी, कारण हा आजार कुटुंबात आढळतो.

आता हिशेबाकडे वळू. "थोडेसे खाल्ले तर काय बिघडते," हा प्रश्न आम्हांला सर्वाधिक विचारला जातो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेल्याने रुग्णांच्या आतड्याच्या अस्तराला इजा झाल्याचे दिसले. ५० मिलिग्रॅम म्हणजे किती? एका मध्यम पोळीला ३० ग्रॅम कणीक लागते असे धरले, तर तीत साधारण अडीच हजार मिलिग्रॅम ग्लुटेन असते. म्हणजे एका पोळीचा सुमारे पन्नासावा भाग. पोळीचा एवढासा तुकडा ताटात शोधूनही सापडणार नाही; पण पोळपाटावर उरलेली पिठी, त्याच तव्यावर भाजलेली भाकरी, पुऱ्या तळलेल्या तेलात तळलेला पापड, यांतून तो सहज मुलाच्या पोटात जातो. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमांनुसारही, एक किलो पदार्थात २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असेल तर त्यावर 'ग्लुटेनमुक्त' असे छापता येत नाही. मुलाला त्रास होत नाही, म्हणजे आतडे सुखरूप आहे, असेही नव्हे. इजा पुष्कळदा मुकाट्याने होते आणि ती पुढे रक्ताच्या अहवालात व उंचीच्या तक्त्यात उमटते.

म्हणून या डब्याचे पहिले काम गहू दिसतो तेथे टाळणे, आणि दुसरे, अधिक कठीण काम, तो लपला आहे तेथे ओळखणे. दिसणारा गहू सर्वांना ठाऊक आहे : पोळी, पराठा, रवा, मैदा, दलिया, शेवया, कुरडया, पाव, खारी, टोस्ट, नूडल्स. लपलेल्या गव्हाची यादी मात्र आम्ही आमच्या आहारतज्ज्ञांच्या मदतीने मुद्दाम केली आहे, ती अशी.

बाजारातील हिंगपूड ही बहुधा निव्वळ हिंगाची नसते. तिची तीव्रता कमी करण्यासाठी डिंक व पीठ मिसळतात आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. मेतकुटात डाळी-तांदळाबरोबर मूठभर गहू भाजून घालण्याची पद्धत आहे. थालीपिठाच्या भाजणीतही तीच रीत. नाचणीचे बिस्किट म्हणून विकल्या जाणाऱ्या बिस्किटात नाचणीहून मैदा जास्त असू शकतो. 'मल्टिग्रेन' आट्यातला पहिला घटक बहुधा गहूच असतो. दुधात घालावयाच्या काही पौष्टिक पुडींत जवाचे माल्ट असते. सोया सॉस गव्हासह आंबवून केलेला असू शकतो. आणि खपली गहू पचायला हलका असल्याची ख्याती असली, तरी तो गहूच आहे. त्यात ग्लुटेन आहे आणि या मुलांना तो चालत नाही. ओट्सचा प्रश्न वेगळा आहे. त्यांत गव्हाची सरमिसळ फार होते आणि काही रुग्णांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ते देऊ नयेत. पुडा घेताना त्यावरील घटकांची यादी शेवटपर्यंत वाचावी. ग्लुटेनयुक्त धान्य वापरले असल्यास ते वेष्टनावर जाहीर करणे उत्पादकांवर बंधनकारक आहे.

सर्वांत मोठी अडचण मात्र पुड्यात नसून पिठाच्या गिरणीत आहे. ज्वारी आपण स्वच्छ निवडून नेतो. पण आपल्या आधी त्याच जात्यात कोणाचा तरी गहू दळलेला असतो आणि त्याचे उरलेले पीठ आपल्या डब्यात प्रथम पडते. आधी थोडे तांदूळ दळून घेण्याने सरमिसळ कमी होते, पण पूर्ण थांबत नाही. घरी वेगळी घरघंटी असणे हा खरा उपाय. ती परवडत नसेल तर धान्य निवडून, धुऊन, वाळवून मिक्सरवर थोडे थोडे दळावे, किंवा तांदूळ व डाळी भिजवून वाटण्याचे पदार्थ अधिक करावेत. इडली, आंबोळी, धिरडे यांना गिरणीची पायरी चढावीच लागत नाही.

आता प्रत्यक्ष डब्यात काय भरावे? येथे आम्हांला एक समाधानाची गोष्ट नमूद करावीशी वाटते. जो आहार परदेशात खास दुकानांतून विकत घ्यावा लागतो, तो आपल्या आज्यांच्या हातात पूर्वीपासून आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, शिंगाडा, मका, सर्व डाळी व कडधान्ये, शेंगदाणे, तीळ, पोहे, चुरमुरे, लाह्या : यांतल्या एकातही मुळात ग्लुटेन नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा यांतल्या अनेक धान्यांना शहरात नव्याने मान मिळाला. खेड्यातल्या चुलीवर तो आधीपासूनच होता.

अडचण एवढीच की भाकरीला गव्हाच्या पोळीसारखा ताण नसतो. सकाळी केलेली मऊ भाकरी दुपारपर्यंत कडक होते, तिचे तुकडे पडतात, आणि मूल डबा तसाच परत आणते. यावर जुन्या काळचा उपाय दशमीचा आहे. ज्वारीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवून केलेली दशमी प्रवासाला बांधून देत असत, कारण ती मऊ राहते. दूध चालत नसेल तर उकळत्या पाण्यात पिठाची उकड काढून मग मळावी. पिठातला स्टार्च फुगतो आणि ग्लुटेनच्या अभावी तोच पीठ बांधून धरतो. भाकरी लहान, तळहाताएवढी करावी. गार झाल्यावर सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावी. गरम असतानाच झाकण लावल्यास तिला पाणी सुटते.

आमच्या आहारतज्ज्ञांनी सहा दिवसांचा एक नमुना तयार केला आहे. तो बंधनकारक नाही. ऋतू व मुलाची आवड पाहून बदल करावा.

सोमवार : ज्वारीची दशमी, मटकीची कोरडी उसळ, काकडी.
मंगळवार : उडीद-तांदळाची इडली, डाळं व खोबऱ्याची चटणी, पेरू.
बुधवार : मुगाचे धिरडे, आत किसलेले पनीर किंवा बटाट्याची भाजी.
गुरुवार : घरच्या गहूविरहित भाजणीचे थालीपीठ, लोणी किंवा दही.
शुक्रवार : नाचणीचे घावन, शेंगदाण्याची चटणी, केळे.
शनिवार (अर्धा दिवस) : मटार-शेंगदाणे घातलेले पोहे, लिंबाची फोड, राजगिऱ्याचा लाडू.

या यादीमागे पोषणाचा विचार आहे. निदान झाले त्या वेळी या मुलांच्या शरीरात लोह, कॅल्शियम, फोलिक आम्ल व ड जीवनसत्त्व यांची उणीव बहुधा साचलेली असते. गहू काढून त्याजागी केवळ साबुदाणा, बटाटा आणि पांढरा तांदूळ भरला, तर डबा ग्लुटेनमुक्त होईल पण पौष्टिक होणार नाही. साबुदाण्याची खिचडी अधूनमधून जरूर द्यावी. रोजचा उपासाचा डबा हा उपाय नव्हे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, गव्हाच्या कित्येक पटींनी अधिक; तिळातही ते भरपूर आहे. डाळी व राजगिरा यांतले लोह अंगी लागावे म्हणून सोबत लिंबू, आवळा किंवा पेरू असावा. निदानानंतर सुरुवातीचे काही महिने काही मुलांना दूधही पचत नाही. आतड्याचे अस्तर भरून आले की ते पुन्हा चालू लागते, म्हणून त्याबाबत डॉक्टरांना विचारून निर्णय घ्यावा.

खर्चाविषयी दोन शब्द. बाजारातील ग्लुटेनमुक्त पाव, बिस्किटे, शेवया यांची किंमत साध्या पदार्थांच्या कित्येक पट असते आणि त्यांतले पुष्कळसे पदार्थ स्टार्च व साखर यांचेच बनलेले असतात. ते प्रवासाला, अडीनडीला ठेवावेत. रोजच्या डब्याचा खर्च आम्ही तीन सदरांत मांडतो. पहिला एकदाच होणारा : वेगळा तवा, वेगळे पोळपाट-लाटणे, वेगळी चाळणी, रंगाने ओळखू येतील असे पिठाचे डबे. दुसरा चालू खर्च, धान्याचा. तो पोळीच्या डब्याहून फार वाढत नाही. तिसरा खर्च कोणत्याच पावतीवर येत नाही. तो आईच्या झोपेतून वजा होतो. दोन वेगळे स्वयंपाक करण्यासाठी तिला रोज लवकर उठावे लागते. या सदरात बचत करण्याचा एकच मार्ग आम्हांला दिसतो : डब्यापुरता तरी सर्व घराचा स्वयंपाक एकच करावा. वडिलांच्या कचेरीच्या डब्यात, धाकट्या भावाच्या डब्यातही तीच दशमी, तेच धिरडे जावे. आईचे श्रम वाचतील, पिठांची सरमिसळ टळेल, आणि घरात एकट्याचेच ताट वेगळे असल्याचे दुःखही मुलाच्या वाट्याला येणार नाही.

हे दुःख लहान नाही. डबा घरी कितीही जपून भरला तरी तो उघडतो शाळेत, चारचौघांत. तेथे डब्यांची देवाणघेवाण होते, वाढदिवसाचा केक येतो, सहलीत सामोसे वाटले जातात. मूल लहान असते तेव्हा ते आईचे ऐकते. बारा-तेरा वर्षांचे झाले की "मला काही होत नाही" असे म्हणून मित्रांबरोबर पाव खाऊ लागते, आणि आमच्या बाह्यरुग्ण विभागात त्याचा पुन्हा घसरलेला हिमोग्लोबिनचा आकडा तेवढा पोहोचतो. धाकाने हे थांबत नाही, असा आमच्या डॉक्टरांचा अनुभव आहे. मुलाला आपला आजार स्वतःच्या शब्दांत सांगता आला पाहिजे, नकार देण्याची लाज वाटता कामा नये, आणि नकारानंतर खाण्यासारखे काहीतरी चांगले त्याच्या हाताशी असले पाहिजे.

यासाठी पालकांनी शाळेला एक पत्र द्यावे. त्याचा मसुदा आमच्या कार्यालयात विनामूल्य मिळेल व त्यावर डॉक्टरांची स्वाक्षरीही दिली जाईल. पत्रात चारच गोष्टी असाव्यात : मुलाने फक्त घरचा डबा खावा, जेवणाआधी हात धुण्याची सोय व वेळ मिळावा, वर्गशिक्षिकेकडे त्याच्या खाऊचा एक बंद डबा असावा, म्हणजे वाढदिवसाला ते रिकाम्या हाती बसणार नाही, आणि खेळण्याच्या मऊ पिठात कणीक असू शकते, म्हणून तो तास झाल्यावर हात धुवावेत. ज्या शाळांत शासनाच्या योजनेतील दुपारचे जेवण मिळते, तेथे आपल्या राज्यात भर तांदळावर असल्याने खिचडी बहुधा चालण्यासारखी असते. परंतु फोडणीचा हिंग व मसाला कोणता, आणि पळी कोठली, हे स्वयंपाक करणाऱ्या ताईंना एकदा भेटून विचारावे. त्या आपुलकीने सांगतात.

घरातील वडीलधाऱ्यांनाही नम्र विनंती आहे. प्रसादाच्या शिऱ्याला नाही म्हणणे आजीच्या जिवावर येते, हे आम्ही समजू शकतो. एवढ्याशा प्रसादाने कसले अपाय, ही भावना श्रद्धेची आहे. पण हिशेब वर मांडलाच आहे. चमचाभर शिरा त्या हिशेबात बसत नाही. मग शिरा तांदळाच्या रव्याचा करावा आणि तो सर्वांनी घ्यावा. गणपतीला उकडीचे मोदक, दिवाळीला अनारसे, बेसनाचे लाडू व हिंग पारखून केलेला पोह्यांचा चिवडा, संक्रांतीला तीळगूळ : आपल्या सणांत या मुलांसाठी मुळातच पुष्कळ जागा आहे. ती रिकामी ठेवू नये.

अखेरीस विश्वस्त मंडळासमोर आम्ही एक प्रस्ताव नम्रतापूर्वक ठेवतो. रुग्णालयाच्या आवारात एक घरघंटी केवळ ग्लुटेनमुक्त धान्यांसाठी राखून ठेवावी. नोंदणी केलेल्या कुटुंबांना आठवड्यातून ठरलेल्या दिवशी निवडलेले धान्य तेथे दळून मिळावे. आणि दळणाच्या दिवशीच आहारतज्ज्ञांनी मुलांची वजने व उंची नोंदवावी. यंत्र, विजेचा खर्च व अर्धवेळ मदतनीस यांचे अंदाजपत्रक आम्ही सादर केले आहे. शस्त्रक्रियागृहातील उपकरणांच्या तुलनेत ही रक्कम अगदी किरकोळ आहे. ज्या देणगीदारांना रुग्णालयाला मोठी देणगी देणे शक्य होत नाही, त्यांनी या कामाचा विचार करावा.

उंचीच्या तक्त्यावर एखाद्या मुलाची रेघ पुन्हा वर चढू लागते, तेव्हा त्याचे श्रेय कोणत्याही औषधाला देता येत नाही. ते एखाद्या घरातल्या निवडलेल्या ज्वारीला, वेगळ्या तव्याला आणि रिकामा होऊन परत आलेल्या डब्याला द्यावे लागते. हे श्रेय आपले आहे, आणि ते या अहवालाच्या पानावर नोंदले जावे अशी आमची इच्छा होती.